चौघा भावंडांतील आदिशक्ती : श्री संत मुक्ताबाई

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. देवघरासमोर काळी माती पसरली जाते, तीत गहू पेरले जातात आणि नऊ दिवसांचा अखंड दीप उजळतो. यवतमाळ शहरातील दुर्गोत्सवाची कीर्ती तर जिल्ह्याबाहेर दूरवर पोहोचलेली आहे. पुसद, उमरखेड, आर्णीकडील कितीतरी कुटुंबांची पावले या दिवसांत पैनगंगा ओलांडून माहूरगडावरील श्रीरेणुकामातेकडे वळतात. शक्तीच्या उपासनेचा हा प्रारंभदिन आणखी एका जन्माने पावन झालेला आहे, याचे स्मरण मात्र थोड्यांनाच असते. रूढ गणनेनुसार शके १२०१ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७९ साली, याच प्रतिपदेस श्री ज्ञानेश्वर महाराजांची धाकटी बहीण मुक्ताबाई जन्मास आली. दुसऱ्या एका परंपरेने हा जन्म दोन वर्षे आधीचा ठरतो. पण घटस्थापनेशी जडलेले तिचे नाते भाविकांनी जपले आहे, आणि ते जपण्यासारखेही आहे.

वारकरी संप्रदाय निवृत्तिनाथांना शिवाचा, ज्ञानेश्वरांना विष्णूचा, सोपानदेवांना ब्रह्मदेवाचा आणि मुक्ताबाईला आदिमायेचा अवतार मानतो. तरीही नामाच्या गजरात तिचे नाव तिन्ही भावांच्या मागून येते, आणि आपल्या मनातही ती बहुधा ज्ञानोबांची लहानगी बहीण एवढ्याच रूपाने वावरत असते. वयाचा क्रम तसाच होता, त्यास कोण काय करणार? परंतु या चौघांचे चरित्र मन लावून पाहिले म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा ध्यानात येते. जेथे जेथे एखाद्या थोर पुरुषाचे पाऊल अभिमानाने, दुःखाने किंवा संकोचाने अडले, तेथे तेथे ते पुढे टाकावयास लावणारा शब्द या धाकटीच्या मुखातून आलेला आहे. संप्रदायाने तिला मुक्ताई म्हटले. घरातील सर्वांत लहान मुलीच्या नावास आईपण जोडले गेले, ते केवळ लाडाने नव्हे.

या भावंडांची कथा समजावयाची तर आरंभ त्यांच्या मातापित्यांपासून करावा लागतो. पैठणजवळ गोदावरीच्या काठी आपेगाव आहे. तेथील कुलकर्णी घराण्यातील विठ्ठलपंत हे मूळचेच विरक्त वृत्तीचे. तीर्थयात्रा करीत ते इंद्रायणीकाठी आळंदीस आले असता तेथील सिधोपंतांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांस दिली. संसारात त्यांचे मन रमले नाही. काशीस जाऊन त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेनिमित्त आळंदीस आले. नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग त्या साध्वीच्या मुखातून सारी हकिगत त्यांना कळली. पत्नीच्या संमतीवाचून घेतलेला संन्यास त्यांस मान्य झाला नाही. गुरूंच्या आज्ञेने विठ्ठलपंत पुन्हा गृहस्थाश्रमात आले.

गुरूची आज्ञा पाळली गेली, पण गावाने ती मानली नाही. संन्यासी परत संसारी झाला, हे त्या काळच्या धर्मव्यवस्थेत न बसणारे होते. घराला वाळीत टाकण्यात आले. त्या वाळीतच निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता अशी चार मुले, दोन दोन वर्षांच्या अंतराने जन्मली. मुलांच्या मुंजी होईनात. विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदास प्रायश्चित्त विचारले तेव्हा देहान्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असा निर्णय मिळाला. मुलांना तरी समाजाने पदरात घ्यावे एवढ्या आशेवर त्या पतिपत्नींनी प्रयागी जाऊन गंगायमुनेच्या संगमात देह ठेवला असे सांगतात.

त्यानंतरचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. सिद्धबेटावरील पर्णकुटी, चार पोरकी मुले, थोरला अजून पुरता जाणता नाही आणि धाकटी तर आईच्या कुशीतून नुकतीच वेगळी होऊ पाहणारी. भिक्षेवाचून चूल पेटत नाही, आणि भिक्षेस गेले तर दारे लागतात. आपण आज ज्यांच्या पालख्या खांद्यावर वाहतो, ज्यांच्या पादुकांवर मस्तक ठेवतो, त्यांचे बालपण असे गेले. हे वाचताना मन जड होते, आणि तसे ते व्हावेच.

मात्र एक ठेव विठ्ठलपंतांच्या हयातीतच या घरी आलेली होती. कुटुंबासह ते त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाटेत वाघ आडवा आला. पळापळीत थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तेथे गहिनीनाथ बसले होते. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष आणि गहिनी असा चालत आलेला नाथपंथाचा बोध त्या दिवशी निवृत्तीच्या पदरी पडला. तो घेऊन निवृत्तिनाथ घरी परतले, आणि त्यांनी तो बाहेर कोणास न देता आधी आपल्या धाकट्या भावंडांस दिला. ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता हे तिघेही निवृत्तिनाथांचे शिष्य झाले.

येथे थोडे थांबले पाहिजे. सख्खा भाऊ गुरू होणे ही सोपी गोष्ट नव्हे. दूरच्या आश्रमातील गुरूपुढे मस्तक आपोआप लवते. परंतु ज्याच्यासंगे एका ताटात जेवलो, ज्याच्याशी रुसलो, ज्याच्या पाठीवर बसून खेळलो, त्याच्या चरणी तीच निष्ठा ठेवावयाची म्हणजे अंतःकरण फार निर्मळ हवे. ते तिघांपाशीही होते. ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथात गुरुस्तवनासाठी किती ओव्या वेचल्या आहेत हे ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या घरांना सांगावयास नकोच. मुक्ताईच्या अभंगांतही आपल्या साऱ्या अनुभवाचे श्रेय ती निवृत्तिनाथांच्या कृपेस देते. आईबापांमागे ज्याने मायेने सांभाळले, त्यानेच भवसागराच्या पार नेले, असे दुहेरी ऋण तिच्या शब्दांत जाणवते. तिची भक्ती घरात राहूनच वाढली. तिला यासाठी रान धुंडाळावे लागले नाही.

पुढे शुद्धिपत्रासाठी ही भावंडे पायी पैठणास गेली. तेथील धर्मसभेत ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविला ती कथा सर्वश्रुत आहे. तिचा विस्तार येथे करीत नाही. पैठणहून ती नेवाशास आली, आणि प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, भावार्थदीपिका सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, निवृत्तिनाथ ऐकत होते. मुक्ताई त्या वेळी अकरा वर्षांची. गीतेचे मराठीत उतरलेले ते तत्त्वज्ञान ज्या पहिल्या थोड्या श्रोत्यांच्या कानी पडले, त्यांत ही बालिका होती, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

आळंदीस परतल्यावरची मांड्यांची कथा आपल्याकडील आजीबाईंच्या मुखी असते. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मांडे भाजावयाचे तर उलटे घातलेले मातीचे खापर हवे. खानदेशात आजही ते तसेच भाजतात. मुक्ताई खापर आणावयास कुंभारवाड्यात गेली. परंतु गावातील विसोबा चाटी या भावंडांचा द्वेष करीत असे. त्याने कुंभारांना दटावून ठेविले होते. ती मुलगी रिकाम्या हाताने, डोळ्यांत पाणी घेऊन परतली. ज्ञानदेवांनी तिची समजूत घातली, योगबळाने जठराग्नी प्रदीप्त केला, आणि मुक्ताईने भावाच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. गंमत पाहावयास लपून राहिलेल्या विसोबाचा अभिमान ते दृश्य पाहताच गळून पडला. त्याने या भावंडांचे उच्छिष्ट प्रसाद म्हणून घेतले आणि त्यांना शरण गेला. तोच पुढे विसोबा खेचर म्हणून संतमंडळीत मान्यता पावला.

या कथेतील चमत्काराकडे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने पाहावे. आमचे लक्ष मात्र त्यातील पिठाच्या परातीकडे जाते. ख्रिस्ती धर्मग्रंथात बेथानी गावच्या मार्था, मरीया आणि लाजर या भावंडांची कथा आहे. त्यांच्या घरी येशू ख्रिस्त उतरत असे. थोरली मार्था पाहुणचारात गुंतलेली आणि धाकटी मरीया गुरूच्या चरणांशी बसून बोध ऐकणारी; एकीने सेवा घेतली, दुसरीने श्रवण घेतले, आणि त्यावरून दोघींत थोडी कुरबूरही झाली. आळंदीच्या पर्णकुटीत बहीण एकच होती. पीठ मळणारे हात तिचेच आणि ब्रह्मबोध ग्रहण करणारे चित्तही तिचेच. तिला दोहोंतून एक निवडावे लागले नाही, आणि तसे निवडावे असे तिच्या गुरूने कधी सुचविलेही नाही.

आता त्या प्रसंगाकडे वळू, ज्यामुळे मुक्ताईचे नाव मराठी भाषा आहे तोवर राहील. एके दिवशी ज्ञानदेव भिक्षेस निघाले असता वाटेत कोणी त्यांस हिणविले. संन्याशाच्या पोराचे दर्शन झाले म्हणून अपशकुन मानला असे काहीजण सांगतात. शब्द कोणते होते हे महत्त्वाचे नाही. ज्यांच्या मातापित्यांनी याच निंदेपायी प्राण दिले होते त्यांच्या जिव्हारी तो घाव लागला, एवढे पुरे. ज्ञानदेव परत आले, काही न बोलता झोपडीत शिरले आणि आतून ताटी लावून घेतली. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाची घरे ज्यांनी आपल्या भागात पाहिली आहेत, त्यांना ताटी म्हणजे काय ते समजावून सांगावयास नको. काड्यांचे हलके दार. धक्का दिला तर उघडेल. पण मुक्ताईने धक्का दिला नाही. ती बाहेर उभी राहिली आणि बोलू लागली.

तेच ताटीचे अभंग होत. रूढ परंपरेने ते ४२ मानतात; निरनिराळ्या गाथांत संख्या कमीअधिक आढळते. प्रत्येक अभंगाच्या शेवटी ज्ञानेश्वरांना दार उघडण्याची विनवणी आहे. कोणी कितीही जाळले तरी साधूने शीतळच असावे असे ती सांगते. सारे विश्व एकाच परमात्म्याचे अंग असेल तर त्यातील एका अंगाने दुसऱ्यास दुखविले म्हणून रागवायचे कोणावर? आपलेच दात आपल्या जिभेवर पडले म्हणून दात कोणी पाडून घेत नाही, असा रोजच्या जेवणातला दाखला ती देते. कधी ती त्यांच्या थोरपणाची आठवण करून देते. कधी लहान मुलीसारखी लाडिकपणे आर्जव करते. कधी मात्र तिच्या वाणीला अशी धार चढते की बाहेर उभी असलेली ही बालिका आहे की गुरुमाउली आहे, असा संभ्रम पडावा. शास्त्राचे ओझे तिने कोठेच मांडलेले नाही. जे ज्ञान ज्ञानदेवांनीच जगाला दिले किंवा द्यावयाचे होते, तेच तिने त्यांच्या हाती परत ठेविले.

या अभंगांचे मोल आमच्या मते एका वेगळ्या कारणासाठीही आहे. ज्ञानेश्वरांनाही एके दिवशी राग आला, दुःख झाले, जगाकडे पाठ फिरवावीशी वाटली, हे संप्रदायाने झाकून ठेविले नाही. एवढ्या थोर पुरुषाच्या मनावर आलेले हे क्षणाचे मळभ शतकानुशतके गायिले जाते, कारण ते दूर करणारी बहीण त्याच अभंगांत उभी आहे. निवृत्तिनाथ गुरू होते, त्यांनी आज्ञा केली असती तर ताटी उघडली असती. परंतु हे काम आज्ञेचे नव्हते. ज्या घावाने ज्ञानदेव व्यथित झाले तोच घाव मुक्ताईच्याही वाट्याला आलेला होता. कुंभारवाड्यातून रिकाम्या हाताने परतलेली ती हीच मुलगी. त्यामुळे तिच्या बोलण्यास अधिकार आला. ताटी उघडली गेली. ज्ञानदेव बाहेर आले, आणि पुढे सर्व जगासाठी पसायदान मागणारा महात्मा म्हणून आपण त्यांस ओळखतो. हा प्रसंग नेवाशाच्या आधीचा की नंतरचा याविषयी जाणकारांत एकमत नाही; पण पसायदान वाचताना पाठीमागे ती ताटी आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरा मोठा प्रसंग चांगदेवांचा. आपल्या वऱ्हाडातून वाहणारी पूर्णा नदी पुढे जळगाव जिल्ह्यात तापीस मिळते, त्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आणि तेथे प्राचीन देवालय आहे. तो परिसर या योगिराजांच्या नावाने ओळखला जातो. योगबळाने काळास चुकवीत चांगदेव १४०० वर्षे जगले असे परंपरा सांगते. शिष्यांचा मोठा मेळा, सिद्धींचा मोठा लौकिक. आळंदीच्या या भावंडांची कीर्ती कानी आल्यावर त्यांनी पत्र लिहावयास घेतले, आणि पहिल्याच ओळीपाशी लेखणी अडली. मुलगे वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ते ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर स्वतःचे वय आडवे येते. शेवटी त्यांनी कागद तसाच कोरा पाठविला.

तो कोरा कागद पाहून पहिला उद्गार निघाला तो मुक्ताईचा. एवढी चौदा शतके तप करून हा योगी शेवटी कोराच राहिला, अशा आशयाचे ते बोल होते. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोरेपणात वेगळा अर्थ पाहिला. जेथे काहीच लिहिलेले नाही तेथे सारे लिहिता येते, असा. त्यांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचे उत्तर धाडले, तेच चांगदेव पासष्टी. पत्र वाचूनही चांगदेवांचा सिद्धीचा अभिमान पुरता निवाला नाही. ते वाघावर बसून, हाती सर्पाचा आसूड घेऊन भेटीस निघाले. भावंडे त्या वेळी भिंतीवर बसली होती. पाहुण्यास सामोरे जावे म्हणून ज्ञानदेवांनी ती भिंतच चालविली. आळंदीस जाणारे यात्रेकरू आजही त्या भिंतीचे दर्शन घेतात.

इतके झाल्यावर चांगदेवांना गुरू लाभला तो कोण? ज्ञानदेव नव्हेत, निवृत्तिनाथही नव्हेत. त्यांना अनुग्रह मुक्ताईकडून मिळाला. चांगदेव एकदा आश्रमात शिरले असता मुक्ताई स्नान करीत होती. ते पाहून ते संकोचाने मागे फिरले. तेव्हा तिने त्यांस बोलावून विचारले की गुरुकृपा झालेली असती तर स्त्री आणि पुरुष हा भेद डोळ्यांत उरला असता काय. वनात गायी हिंडतात त्यांच्याविषयी असा संकोच का वाटत नाही? देहावरून दृष्टी अजून उठलेली नाही, हे त्या वृद्ध तपस्व्यास एका मुलीने दाखवून दिले. आणि त्यांनी ते ऐकून घेतले, हा त्यांचा मोठेपणा. तिच्या नावावर एक पाळण्याचा अभंग आहे, त्यात निर्गुणाच्या झाडास पाळणा बांधून आपल्या लेकरास ती निजविते. हे लेकरू म्हणजे चांगदेव, असे संप्रदायात मानतात. चौदाशे वर्षांचे बाळ आणि पंधरा-सोळा वर्षांची आई! तेराव्या शतकातील महाराष्ट्रात, जेथे स्त्रीस वेदाचा अधिकार नव्हता आणि हिच्या घरास तर गावाचाही आधार नव्हता, तेथे हे गुरुपद तिच्याकडे चालत आले. तिने ते मागितले नव्हते, पण आल्यावर नाकारलेही नाही.

नामदेवांच्या बाबतीत तिची वाणी अधिकच कठोर झाली. नामदेव महाराजांचे नरसी हे गाव पैनगंगेपलीकडे हिंगोली जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्या पुसद-उमरखेडला शेजारचेच. पंढरीचा पांडुरंग ज्यांच्या हातचे जेवला, असे ते लाडके भक्त. संतांच्या मेळ्यात ते आले तेव्हा तिन्ही भावांनी त्यांस वंदन केले. नामदेवांनी मात्र उलट नमस्कार केला नाही. देव आपल्या घरचा, ही जवळीक मनात होती. मुक्ताईने ते अचूक हेरले आणि तिने नामदेवांस नमस्कार केला नाही. पुढे संतमंडळी जमली असता तिने गोरोबाकाकांच्या थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी असते असे विचारले. मडके कच्चे की भाजलेले हे त्याने कळते, असे उत्तर आले. मग या साऱ्या मडक्यांची परीक्षा करावी, असे ती म्हणाली. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सारे शांत बसून राहिले, नामदेव मात्र रागावले. आणि तेवढे एक मडके कच्चे ठरले.

नामदेव रडत पंढरीस गेले. देवानेही त्यांस गुरू करण्यास सांगितले, आणि ते औंढा नागनाथाच्या देवळात गेले. तेथे पिंडीवर पाय ठेवून निजलेला जो पुरुष त्यांना दिसला तो विसोबा खेचर होता. मांड्यांच्या खापरासाठी ज्याने मुक्ताईस रडविले होते, त्याच विसोबाच्या हातून, मुक्ताईनेच रडविलेल्या नामदेवांना बोध मिळाला. संतचरित्रांची गुंफण कधी कधी अशी असते की कोणा कवीने रचू म्हटले तरी रचता येऊ नये. पुढे नामदेव आणि ही भावंडे यांचा स्नेह इतका दृढ झाला की ज्ञानदेवांसंगे नामदेवांनी तीर्थयात्रा केली, आणि चौघांच्या समाधीचे वर्णन आपल्यापर्यंत पोहोचले तेही मुख्यत्वे नामदेवांच्या अभंगांतूनच.

मुक्ताईची रचना प्रमाणाने मोठी नाही. ताटीचे अभंग, निवृत्तिनाथांशी संवादरूप असलेला ज्ञानबोध हा तिच्या नावे सांगितला जाणारा ग्रंथ, आणि काही स्फुट अभंग. त्यांतील मुंगीने आकाशात झेप घेऊन सूर्य गिळल्याचे कूट कीर्तनकारांच्या विशेष आवडीचे. त्याचा अर्थ विद्वान अनेक प्रकारे लावतात. आम्हांस मात्र एवढेच वाटते की चारांतली सर्वांत लहान असलेल्या मुलीला हा दाखला सुचावा, यात नवल काही नाही.

शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, इसवी सन १२९६ मध्ये, ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस संजीवन समाधी घेतली. त्या वेळी संतांचा मेळा जमला होता. निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाचा, आपल्या शिष्याचा हात धरून त्यास विवरात नेले आणि बाहेर येऊन शिळा लावली. मुक्ताईच्या वयास तेव्हा सतरा वर्षे झाली होती. ज्यांची ताटी तिने एकदा उघडविली होती, त्यांच्या द्वारावर आता शिळा पडली आणि या वेळी ती काही बोलली नाही. नामदेवांच्या अभंगांत त्या दिवसाचा जो शोक उमटला आहे तो वाचताना कोणाही भाविकाचा कंठ दाटून येतो.

महिनाभरातच, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सोपानदेवांनी कऱ्हाकाठी सासवडला समाधी घेतली. चांगदेवांनीही पुढे देह ठेविला. त्यांची समाधी गोदाकाठी पुणतांब्यास आहे. आता उरले निवृत्तिनाथ आणि मुक्ताई. गुरू आणि शिष्या, थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. मुक्ताई फार उदास राहू लागली. अन्नावरील वासना उडाली, बोलणे थोडके झाले. तिला घेऊन निवृत्तिनाथ संतांसह उत्तरेकडे निघाले आणि वेरूळमार्गे तापीच्या तीरी आले.

शके १२१९ चा वैशाख वद्य पक्ष. उन्हाळा अंगावर येत होता. मेहूण-कोथळीच्या परिसरात एकाएकी आभाळ भरून आले, वारा सुटला, मेघ गडगडू लागले आणि विजेचा मोठा लोळ कोसळला. डोळे दिपले. ते उघडून पाहतात तो मुक्ताई तेथे नव्हती. निवृत्तिनाथांनी तिचा हात धरून तिला समाधीत बसविले नाही, शिळा लावली नाही, पूजा बांधली नाही. तसे काही करावयास देह उरलाच नाही. अठरा वर्षेही पुरी न झालेली ती मुलगी विजेत लीन झाली असे संतांनी सांगितले. तिन्ही भावांच्या समाध्या आपल्याला हाताने स्पर्शता येतात. तिची खूण म्हणजे ते स्थान आणि त्या पादुका. त्या भागातील एदलाबाद गावास आज मुक्ताईनगर म्हणतात. आषाढी वारीच्या मानाच्या पालख्यांत मुक्ताईची पालखी असते. तापीकाठाहून निघून, बुलढाण्यावरून मराठवाड्यात उतरत, ती दूरचा पल्ला तुडवीत पंढरीस पोहोचते.

निवृत्तिनाथ एकटे राहिले. आईबापांनी प्रयागी जाताना ज्याच्या हाती तिघांचे हात दिले होते, त्याने एकेकास पोहोचवून दिले होते. ज्या ब्रह्मगिरीच्या गुहेत बालपणी बोध झाला, त्या त्र्यंबकेश्वरास ते परत गेले, आणि मुक्ताईमागून महिनाभराने, ज्येष्ठ वद्य द्वादशीस, तेथेच समाधिस्थ झाले.